मंडई की सुपरमार्केट? पहिल्या महिन्यापुरतं सांगतो

पुण्यात एकटा राहतोस आणि बजेट बेताचं, तर भाजी-फळं मंडईतून आणि डाळ-तांदूळ, तेल, साबण सुपरमार्केटमधून, एवढी वाटणी सुरुवातीला पुरे.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- पहिल्याच गाळ्यावर पिशवी उघडणं. आधी एक फेरी मार, भाव विचार, मग घे. संध्याकाळी उशिरा गेलास तर पालेभाजी स्वस्तात मिळते, पण ती त्याच रात्री निवडायची तयारी हवी.
- स्वस्त म्हणून मार्केट यार्डातून, म्हणजे घाऊक बाजारातून, ढीगभर आणणं. मी एकदा दहा किलो टोमॅटो आणले होते. निम्मे सडले, उरलेल्यांचं सार आठवडाभर प्यायलो! एकट्याला पावशेर-अर्धा किलो भरपूर.
- 'एकावर एक फुकट'ला भुलणं. पाकीट किलोचं की ९०० ग्रॅमचं ते बघ. एमआरपीजवळ बहुधा दर ग्रॅमचा किंवा किलोचा भावही बारीक अक्षरांत छापलेला असतो, तुलना त्याची कर.

सुटे पैसे आणि कापडी पिशवी जवळ ठेव. घासाघीस लगेच जमणार नाही, जमू दे हळूहळू. एकाच भाजीवाल्या मावशींकडे चार वेळा गेलास की कढीपत्ता, मिरची आपोआप पिशवीत पडते.