उत्स्फूर्त : मुळाशी लाथ

'स्पॉन्टेनिटी'ला मराठीत उत्स्फूर्तता म्हणावं की स्वयंस्फूर्ती, असा प्रश्न आला आहे. दोन्ही चालतात. कुणी न सांगता केलं, यावर भर असेल तर स्वयंस्फूर्ती. आतून उसळून आलं, यावर असेल तर उत्स्फूर्तता. फक्त 'उस्फूर्त' लिहू नका. उपसर्ग उत् आहे, त्यातला त् गिळायची मुभा कुणी दिलेली नाही. 'उत्थानात नाही का एक अक्षर गळत?' हा युक्तिवादही ऐकून झाला. तिथे गळतो तो स्थामधला स्, आणि पाणिनीने ती सवलत स्था आणि स्तम्भ या दोघांनाच दिली आहे.

'बंदला उत्स्फूर्त प्रतिसाद' हे तर वाचवत नाही. आदल्या रात्री गल्लोगल्ली फिरून 'उद्या शटर वर दिसलं तर बघा' असा दम भरायचा, आणि सकाळी बंद दुकानांचा फोटो छापून खाली उत्स्फूर्त! बातमीदारांच्या लेखी या शब्दाचा अर्थ आता नुसता 'भरपूर' एवढाच उरलाय. ऐनवेळी केलेलं ते सगळं उत्स्फूर्त, हाही गैरसमजच. सोसायटीच्या नोटिशीत शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' असतात. त्यातला गच्चीच्या गळतीचा विषय वरच्या मजल्याने महिनाभर घोळवून आणलेला असतो.

असो. धातू स्फुर्. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, त्याचा अर्थ संचलन, म्हणजे हलणं, थरथरणं. शाकुंतलात आश्रमात शिरताना दुष्यंताचा बाहू स्फुरतो तो हाच, आणि कविता स्फुरते तीही यातूनच. बहुतेक जण इथे थांबतात; खरी मजा पुढे आहे. ऋग्वेदात (१.८४.८) कवी विचारतो, हात आखडणाऱ्या माणसाला इंद्र कधी 'पदा क्षुम्पमिव स्फुरत्', पायाने क्षुम्पासारखा उडवील? म्हणजे चक्क लाथ! क्षुम्प म्हणजे वैदिक शब्दांची फोड करणाऱ्या यास्काच्या मते अहिच्छत्रक, सापाची छत्री, म्हणजे आपली कुत्र्याची छत्री. (त्यांची सापाची, आपली कुत्र्याची, वापरताना दोघांनाही कुणी पाहिलेलं नाही.) लाथाडणं या अर्थाचं इंग्रजी 'स्पर्न', लॅटिन 'स्पेर्नेरे', लिथुएनियन 'स्पिर्ति' ही याच कुळातली मंडळी, आणि घोडेस्वाराच्या टाचेवरची आर, 'स्पर', तीसुद्धा. आतून येण्याची ग्वाही देणाऱ्या शब्दाच्या मुळाशी टाच निघावी! 'स्पॉन्टेनियस'चं घराणं निराळं. ते लॅटिन 'स्पोन्ते'चं, आपल्या मर्जीने या अर्थाचं.

उत्स्फूर्तला स्फोटाशी जोडणारे विद्वान भेटतात. स्फोट हा स्फुट्चा. फुटणं वेगळं, स्फुरणं वेगळं. दुसरे म्हणतात, स्फुर्चं नियमाने स्फुरित होतं, तेव्हा उत्स्फूर्त अशुद्ध. त्यांनी खुशाल 'उत्स्फुरित भाषणस्पर्धा' भरवाव्यात.

आता फुरफुरणे. घोडा फुरफुरतो, तसे लढायला बाहूही फुरफुरतात. हा शब्द निव्वळ आवाजावरून आला, असं कुणी म्हणेल. घोड्यापुरतं मान्य, त्याच्या नाकातून आवाज येतो. बाहूंतून कुठला येतो? स्फुट्चं फुटणं झालं, स्कंधाचा खांदा झाला, तसाच इथे स्फुर्चा स् झडला. मला विचाराल तर आधी बाहूच फुरफुरले; घोड्याने तो शब्द नंतर उचलला.