‘हेल्थ रिट्रीट’ला मराठीत काय म्हणावे?

एका वाचकाने विचारले आहे की, ज्याचे सारे कथानक ‘हेल्थ रिट्रीट’मध्ये, म्हणजे पथ्य, विश्रांती आणि उपचार यांसाठी पैसे भरून राहायला जाण्याच्या ठिकाणी, घडते अशा एका ब्रिटिश विनोदी खूनरहस्यपटाचा परिचय मराठीत लिहिताना त्या ठिकाणाला काय म्हणावे, ‘आरोग्य शिबिर’ म्हटले तर रक्तदाबाची मोफत तपासणी डोळ्यांपुढे येते आणि यंत्राकडून अनुवाद करून घेतला तर त्याने ‘आरोग्य माघार’ असा शब्द दिला.

‘माघार’ हास्यास्पद खरी, पण अगदीच निराधार नाही. रिट्रीटच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘मागे ओढणे’ असा आहे. सैन्याचे मागे फिरणे आणि माणसाने जगाच्या धकाधकीतून अंग काढून घेणे, हे दोन्ही अर्थ त्यातूनच निघाले. पहिला आपल्याला दरवर्षी २९ जानेवारीला दिल्लीत होणाऱ्या ‘बीटिंग रिट्रीट’मुळे परिचित आहे. दुसऱ्याचे आरोग्याशी नातेही जुने आहे. विल्यम ट्यूक या क्वेकर (एका शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या) गृहस्थाच्या पुढाकाराने १७९६ मध्ये यॉर्क येथे मनोरुग्णांना माणुसकीने वागवणारी संस्था उघडली, तेव्हा तिला वेड्यांचे इस्पितळ न म्हणता ‘द रिट्रीट’ असेच नाव देण्यात आले होते.

खरी अडचण अशी की, इंग्रजी शब्दात जागा आणि मुक्काम या दोन्ही गोष्टी मावतात आणि मराठी त्या वेगळ्या ठेवते. विपश्यनेसाठी इगतपुरीला जाणारा माणूस दहा दिवसांच्या ‘शिबिरा’ला जातो, पण राहतो ‘केंद्रा’त. खूनरहस्याला मुक्कामापेक्षा जागा महत्त्वाची असते, कारण मोजके पाहुणे, त्यांना बाहेर पडण्यास मज्जाव आणि त्यांच्यातच लपलेला खुनी ही त्या प्रकाराची बैठकच आहे. म्हणून ‘शिबिर’ येथे बाद होते. ‘आश्रम’ जागा दाखवतो आणि उरळी कांचनला १९४६ मध्ये गांधीजींनी सुरू केलेल्या निसर्गोपचार आश्रमामुळे त्याला उपचारांचा संदर्भही आहे, परंतु इंग्लंडमधल्या श्रीमंती थाटाला तो शोभत नाही. तेथे अशा ठिकाणाला ‘हेल्थ फार्म’ असेही म्हणतात; स्टॅन्ली लीफ यांनी १९२५ मध्ये हर्टफर्डशरमधील ट्रिंगजवळ सुरू केलेले चॅम्प्नीज हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. (‘आरोग्य शेती’ कोणी सुचवू नये, ही विनंती.) भरपूर पैसे मोजून उपाशी राहायला जाणारी माणसे हाच मुळात विनोदाचा विषय असल्यामुळे तेथे एखादे प्रेत सापडणे लेखकांना सोयीचे वाटले तर नवल नाही.

‘एकांतवास’ आणि ‘अज्ञातवास’ हे शब्दही कोणी सुचवील. त्यांपैकी दुसरा खुद्द खूनरहस्यांच्या प्रसिद्ध लेखिका अगाथा ख्रिस्ती यांना चपखल बसतो. डिसेंबर १९२६ मध्ये त्या घरातून नाहीशा झाल्या आणि देशभर शोध चालू असताना अकरा दिवसांनी हॅरोगेट या आरोग्यदायी पाण्यासाठी नावाजलेल्या गावातील एका जलोपचाराच्या हॉटेलात, पतीच्या प्रेयसीचे आडनाव धारण करून राहत असलेल्या सापडल्या. पण हे दोन्ही शब्द राहण्याची रीत सांगतात. ज्या इमारतीत खून होतो तिला ते लावता येत नाहीत.

माझी पसंती ‘आरोग्यधाम’ला आहे. सॅनिटोरियमसाठी तो पूर्वीपासून वापरात असल्याने त्याला क्षयरोगाचा थोडा वास येतो, हा आक्षेप मान्य आहे. गंभीर विषयाच्या लेखात मी कदाचित ‘निसर्गोपचार केंद्र’ लिहीन. विनोदी खूनरहस्यासाठी मात्र ‘धाम’सारखा शब्द नाही, कारण मराठीत माणूस वारला की तो ‘निजधामास गेला’ असे आपण म्हणतो. तेव्हा चित्रपटाच्या परिचयात ‘वजन उतरवण्यासाठी आरोग्यधामात आलेले एक पाहुणे दुसऱ्याच दिवशी निजधामास जातात’ असे वाक्य खुशाल लिहावे.