नात्याचा रकाना

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. घर वारकरी, गळ्यात माळ, आणि पुतणीने दिवाळीत सांगितलं की ती आणि तिची मैत्रीण जन्मभर एकत्र राहणार आहेत. तुम्ही आरडाओरडा केला नाहीत, तिला दार बंद केलं नाहीत. विचारता एवढंच, की त्यांना सुखाने राहू देतोच आहोत, मग लग्नाचा कायदा कशाला? विवाह हा संस्कार आहे, त्यात कोर्टाचं काय काम?

मीही माळकरीच आहे, एकादशी चुकवत नाही. त्यामुळे शिखंडी, मोहिनी यांच्या कथा पुढे करून तुम्हाला गप्प करणार नाही. तुमची श्रद्धा तुमच्यापाशी राहू द्या. पण ‘राहू देतो’ एवढ्यावर का भागत नाही, ते मी जवळून पाहिलंय.

आमच्या सोसायटीत दोघं गृहस्थ बावीस वर्षं एकत्र राहत होते. दारावर दोन आडनावांची पाटी, गणपतीत आरतीला दोघं बरोबर. एकाला रात्री ब्रेन हॅमरेज झालं. दुसऱ्याबरोबर मी हॉस्पिटलात गेलो. ऑपरेशनच्या संमतीचा फॉर्म आला, त्यात ‘रुग्णाशी नातं’ असा रकाना. त्यांचं पेन तिथे अडलं. शेवटी ‘मित्र’ असं लिहिलं. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म परत सरकवला, “रक्ताचं कोणी आहे का?” चिपळूणहून पुतण्या येईपर्यंत पहाट झाली. पेशंट वाचला नाही. अग्नी पुतण्याने दिला, हे मागे उभे होते. त्या बाई वाईट नव्हत्या. त्यांच्या हातात दाखवायला कायदाच नव्हता.

कायदा आज कुठे आहे तेही बघा. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून वगळले. म्हणजे तुमची पुतणी गुन्हेगार नाही, एवढंच. १७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी विवाहाला मान्यता मागणाऱ्या याचिकांवर पाचही न्यायमूर्तींनी सांगितलं की विवाह हा मूलभूत हक्क नाही, कायदा करायचा तर संसदेने करावा. निदान जोडीदार म्हणून तरी मान्यता द्यावी का, यावर तीन विरुद्ध दोन असं नकारार्थी मत पडलं. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. तेव्हा कोर्टाने संस्कार बदलला, ही भीती मनातून काढा. याचिकांतल्या मागणीचा भर होता १९५४ च्या विशेष विवाह कायद्यावर. त्यात सप्तपदी नाही की भटजी नाही. तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार आणि विवाह अधिकारी.

आपल्याकडे हे आधीही झालंय. विधवाविवाह कायदेशीर झाला १८५६ साली. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी लग्न केलं, तेव्हा सदतीस वर्षं उलटूनही मुरुडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. कायद्याने एकाही भटजीला मंगलाष्टकं म्हणायला लावली नव्हती. पण गोदूबाई कायद्याने पत्नी झाल्या, मुलं औरस ठरली. ते गावाच्या मर्जीवर राहिलं नाही. पुतणीसाठी मी मागतोय ते एवढंच. तुमच्या देवळात तिचं लग्न लावा, असं कोणी म्हणत नाहीये.

पैशाचंही ऐका, कारण घरात वाद तिथेच पेटतात. महाराष्ट्रात नवऱ्याने बायकोला राहतं घर बक्षीसपत्राने दिलं, तर मुद्रांक शुल्क दोनशे रुपये. पुतणीने मैत्रिणीला दिलं तर बाजारभावावर पूर्ण शुल्क, शिवाय पन्नास हजारांवरची भेट म्हणून मैत्रिणीला आयकर. जोडीदाराबरोबर जॉइंट खातं काढायला आणि तिला नॉमिनी करायला आडकाठी नाही, हे केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं. बरं झालं. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. मृत्युपत्र नसेल तर पैसा जातो कायदेशीर वारसांकडे, आणि त्या यादीत मैत्रिणीचं नाव नाही. आमच्या शेजाऱ्यांना फ्लॅट असाच सोडावा लागला. पाटी काढताना स्क्रू गंजलेले होते, मी पक्कड घेऊन गेलो होतो.

संसद कधी हलेल ते हलेल. तोवर दोघींनी एकमेकींच्या नावे मृत्युपत्र करावं. साध्या कागदावरही चालतं, पण नोंदणी केलेली बरी, म्हणजे पुढे कोणी उठून ते खोटं म्हणणं अवघड जाईल. मानसिक आजारपणात निर्णय घ्यायला आपली प्रतिनिधी म्हणून कोणाही प्रौढाला नेमता येतं, ती सोय २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे. तेही करून ठेवावं.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असेच असलेले बरे. पुतणी सही करेल तेव्हा एक साक्षीदार म्हणून तुम्ही बसा. माळ गळ्यात असू द्या.