पाळी आली नाही, म्हणून दिवस राहणार नाहीत असं नाही

«मावशी, मी कळव्याला राहते. बाळ आठ महिन्यांचं आहे, बाळंतपणानंतर अजून पाळी आलेली नाही. सासूबाई म्हणतात, अंगावर पाजतेस तोवर काळजी नाही. नवराही ऐन वेळी बाजूला होतो, म्हणून आम्ही काहीच वापरत नाही. शेवटचा संबंध दोन आठवड्यांपूर्वी आला. चार दिवस झाले, सकाळी मळमळतंय. खालच्या मेडिकलवाल्याची आणि सासऱ्यांची ओळख आहे, किट आणायला धीर होत नाही. दिवस राहिले असतील का?»

बाळा, राहिलेले असू शकतात. मळमळ पित्तानेही होते, जागरणानेही होते, त्यामुळे तिच्यावरून काही ठरत नाही. पण पाळी आली नाही म्हणजे धोका नाही, हे मनातून आजच काढून टाक.

सासूबाईंचं म्हणणं अगदीच खोटं नाही. बाळ दिवसरात्र अंगावर पितं तेव्हा आईच्या शरीरात बीजांड तयार होणं थांबून राहतं. पण त्याला तीन अटी आहेत: बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, त्याला आईच्या दुधाशिवाय दुसरं काही चालू नको आणि आईला पाळी आलेली नको. तिन्ही एकत्र असतील तरच भरवसा, आणि तेव्हाही शंभरात एकदोघींना दिवस राहतातच. तूच पत्रात पुढे लिहिलं आहेस की बाळ आता दोन वेळा नाचणीचं सत्त्व आणि मऊ वरणभात खातं, रात्री सलग पाच तास झोपतं. ते वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला. रात्रीचं पाजणं कमी झालं की तो अडसर सैल होतो. आणि बीजांड बाहेर पडतं ते पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी. म्हणजे बाळंतपणानंतरची पहिली पाळी दिसायच्या आधीच दिवस राहू शकतात. माझ्या धाकट्या बहिणीचं असंच झालं. पाळी नाही म्हणून ती निर्धास्त होती, कळलं तेव्हा चौथा महिना लागला होता.

नवरा बाजूला होतो, यावरही विसंबू नकोस. वर्षभर फक्त याच भरवशावर राहणाऱ्या शंभर जोडप्यांमध्ये साधारण वीस जणींना दिवस राहतात. चूक नवऱ्याची असतेच असं नाही, आधी येणाऱ्या थेंबांतही शुक्राणू असू शकतात. ते शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात.

आता किटचं. ठाणे स्टेशनबाहेरच्या गर्दीत कुठल्याही मेडिकलमध्ये माग, तिथे कोण कुणाला ओळखतं? आशाताईंकडे ‘निश्चय’ नावाचं किट फुकट मिळतं. उद्या सकाळच्या पहिल्या लघवीवर तपासणी कर. दोन रेघा म्हणजे दिवस राहिले, दुसरी रेघ फिकी असली तरी ती रेघच. एकच आली, तर शेवटच्या संबंधाला तीन आठवडे पूर्ण झाले की पुन्हा कर, कारण त्याआधीचं ‘नाही’ पक्कं धरता येत नाही. तोवर निरोधाशिवाय जवळ येऊ नका.

दोन रेघा आल्या, तर मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून घेऊ नकोस. आधी डॉक्टर, आधी तपासणी. मूल ठेवायचं की नाही हे तू ठरव. कायद्याने वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. 2021 च्या दुरुस्तीनंतर गर्भनिरोधक साधन निकामी ठरलं हे कारण सांगायला लग्न झालेलं असण्याची अट राहिलेली नाही. तू सज्ञान आहेस, म्हणून सही तुझी एकटीची पुरते, नवऱ्याची लागत नाही. तुझं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

दिवस नसतील, तर त्याच आठवड्यात स्त्रीरोग विभागात जा. कळव्यातच महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, रिक्षाने जाशील. पुढचं मूल दोनतीन वर्षांनी हवं असेल, तर मला तुझ्यासाठी तांबी बरी वाटते. दुधावर परिणाम नाही, रोज आठवण ठेवायला नको, काढली की लगेच पुन्हा दिवस राहू शकतात, आणि शंभरात एकीलाही क्वचितच धोका देते. पाळीत रक्तस्राव थोडा वाढतो, हेही डॉक्टरांकडून समजून घे. तांबी नको वाटली तर ‘छाया’ गोळी आहे. ती लखनौच्या संशोधन संस्थेत तयार झाली, हार्मोनची नाही आणि अंगावर पाजणारीला चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदाच. तीन महिन्यांनी घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शनही आहे, पण ते बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने जातात. सरकारी दवाखान्यात ही सगळी साधनं फुकट मिळतात.

निरोध फाटलाच कधी, तर 72 तासांच्या आत तातडीची गोळी घे. जितकी लवकर तितकी बरी. ती बीजांड बाहेर पडणं पुढे ढकलते. आधीच राहिलेला गर्भ तिने पडत नाही, त्यामुळे आत्ताच्या तुझ्या प्रश्नाला तिचा उपयोग नाही.

नवऱ्याला बरोबर घेऊन जा. सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्यांच्या काळात बाळं वर्षभर अंगावरच असायची, त्यांनी जे पाहिलं तेच त्या सांगतात.

किटचं काय झालं ते मला कळव. आणि हो, मळमळत असलं तरी पाणी पीत राहा, तू पाजतेस.

तुझी मावशी