निवारा पाडायचाच असेल, तर आधी दुसरा उघडा

प्रश्न : बेळगाव जिल्ह्यातल्या एका शहरात (नाव छापू नये) आमचं महिला मंडळ नगरपालिकेच्या जुन्या इमारतीत सरकारी योजनेतून रात्रनिवारा चालवतं. जागा बसस्टँड आणि भाजी मार्केटला लागून आहे. रोज 30-35 माणसं मुक्कामाला असतात : हमाल, हॉटेलात भांडी घासणाऱ्या बायका, मुलांनी घराबाहेर काढलेले म्हातारे. मंडळाचा करार मार्चमध्ये संपला, तो वाढवून मिळाला नाही. आता तिथे व्यापारी संकुल आणि पार्किंग होणार म्हणे. सात दिवसांत जागा रिकामी करा, अशी कन्नड नोटीस दारावर चिकटवली आहे. शेजारच्या दुकानदारांनीही निवारा हलवा म्हणून सह्या करून अर्ज दिलाय. नगरपालिकेचे साहेब तोंडी सांगतात, हायवेपलीकडे सोय करू. आम्ही आतून कडी लावून बसू का?

उत्तर : ताई, कडी लावून बसू नका. सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा दाखल झाला, की निवाऱ्याचा विषय बाजूला पडतो आणि तुमच्या जामिनाची धावपळ सुरू होते.

आणखी एक स्पष्टच सांगते. ती इमारत वाचवायची लढाई तुम्ही बहुतेक हराल. जागा नगरपालिकेची आहे, तिथे काय बांधायचं यात कोर्ट सहसा हात घालत नाही. पण नवा निवारा सुरू झाल्याशिवाय जुन्यातून एकालाही काढायचं नाही, आणि नवा निवारा या लोकांच्या कामाच्या जागेजवळच हवा, ही मागणी भक्कम आहे. सगळा जोर तिथे लावा.

आधी नोटीस. ती कन्नड नीट वाचणाऱ्या माणसाकडून शब्दन् शब्द वाचून घ्या आणि खाली कुठल्या कायद्याचं कलम लिहिलंय ते पाहा. सार्वजनिक जागेतून कुणाला काढायचं असेल तर कर्नाटकात 1974 चा स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसार सक्षम अधिकाऱ्याने कारणे दाखवा नोटीस द्यायची, म्हणणं ऐकायचं आणि मग कारणांसह लेखी आदेश काढायचा. त्या आदेशावर जिल्हा न्यायाधीशांकडे अपील करता येतं. दारावर चिकटवलेलं ‘रिकामी करा’ एवढंच पत्र म्हणजे तो आदेश नव्हे. करार संपला म्हणून तुम्ही एका रात्रीत घुसखोर होत नाही. परवान्याने दिलेली जागा सोडायला वाजवी मुदत मिळते, असं 1882 च्या सुविधाधिकार कायद्यातही आहे. उत्तर सात दिवसांच्या आत द्या, पोच म्हणून शिक्का घ्या. उत्तर मराठीतूनही देता येतं, राज्यघटनेच्या 350 व्या कलमाने तो हक्क दिलाय. तरी सोबत कन्नड भाषांतर जोडा. भाषेच्या वादात आठवडा घालवणं या घडीला आपल्याला परवडणारं नाही.

आता मुख्य मुद्दा. मंडळाचा हक्क वेगळा, तिथे झोपणाऱ्यांचा वेगळा. मंडळाचा करार संपला. माणसांचा जगण्याचा हक्क कुठल्या करारावर अवलंबून नाही. मुंबईच्या फूटपाथवासीयांच्या 1985 च्या ऑल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फूटपाथवर राहण्याचा हक्क दिला नाही. पण पोट भरण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं ठरवलं, आणि पावसाळा संपेपर्यंत कुणाला हटवू नका असंही सांगितलं. पुढे डिसेंबर 2009 मध्ये दिल्लीत पुसा रोडवरचा निवारा ऐन थंडीत पाडला, तेव्हा तिथल्या उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

असे निवारे ज्या केंद्रीय योजनेतून उभे राहिले, त्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या मार्गदर्शक सूचनाही तुमच्या बाजूच्या आहेत. लाख लोकसंख्येमागे किमान 100 जणांची सोय, माणशी किमान 50 चौरस फूट जागा, आणि निवारा स्टेशन, बसस्टँड, बाजार यांच्या जवळ. पहाटे भाजीच्या गाड्या उतरवणारा हमाल हायवेपलीकडे झोपला तर कामावर येणार कसा? त्या वेळी बस नसते आणि रिक्षाला द्यायला त्याच्याकडे पैसे नसतात. चार दिवसांत तो मार्केटच्याच कट्ट्यावर येऊन झोपेल. ‘लांब सोय’ म्हणजे त्याला पुन्हा रस्त्यावर आणणं आहे, हे कोर्टापुढे ठणकावून मांडा.

ते सिद्ध होईल तुमच्या रजिस्टरवरून. मंडळ रोज रात्री नाव, गाव, काम, आल्याची वेळ लिहून अंगठा घेत असेल, तर मागच्या वर्षभराच्या पानांच्या झेरॉक्स आजच काढा आणि मूळ वही निवाऱ्याबाहेर ठेवा. सामान उचलताना पहिली गहाळ होते ती वही. प्रत्येकाच्या नावापुढे तो कुठे काम करतो आणि चालत किती मिनिटं लागतात ते लिहा. ज्याच्याकडे माल उतरवतो त्या अडत दुकानदाराची दोन ओळींची चिठ्ठी मिळाली तर फारच उत्तम. सह्या करणाऱ्या व्यापाऱ्यांपैकीच काहींचे हमाल तुमच्याकडे झोपत असतील. त्यांना जाऊन भेटा, भांडू नका. संडास, रात्रीचा आरडाओरडा या त्यांच्या तक्रारी खऱ्या असतील तर दुरुस्त करा आणि तसं लेखी कळवा.

माहिती अधिकारात संकुलाचा ठराव, आराखडा आणि पर्यायी जागेची फाइल मागा. जीविताचा प्रश्न आहे असं अर्जात स्पष्ट लिहा; माहिती खरोखर जीविताशी निगडित असेल तर 48 तासांत उत्तर देणं बंधनकारक असतं. हायवेपलीकडची जागा स्वतः पाहून या. पाणी, दिवा, बायकांची वेगळी खोली आहे का, याचे फोटो काढा.

एवढं करूनही नगरपालिका ऐकत नसेल तर कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात रिट याचिका करा. त्यात मंडळाबरोबर निवाऱ्यातले दोघं-तिघं अर्जदार हवेतच, त्यात एक बाई. वकिलाच्या फीची काळजी करू नका. बायका, अपंग, अनुसूचित जाती-जमातीचे आणि तुटपुंज्या उत्पन्नाचे लोक यांना 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो. बेळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, नाहीतर 15100 वर फोन करा.

शेवटी एका गोष्टीची मला खरोखर धास्ती वाटते. जागा रिकामी करताना पोलिसांची गाडी आणून सगळ्यांना ‘भिकारी’ म्हणून 1975 च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याखाली उचलायचं, हा सोपा मार्ग कुणाला सुचू शकतो. तुमची माणसं राबून खातात. प्रत्येकाच्या खिशात मंडळाच्या शिक्क्याचं ओळखपत्र आणि मालकाचा फोन नंबर आजपासूनच द्या, म्हाताऱ्यांना तर आधी. गाडी आलीच तर मोबाइलवर चित्रण करा, किती जणांना कुठे नेलं ते लिहून घ्या आणि त्याच रात्री प्राधिकरणाला कळवा.