घंटा तुमच्या हातात आहे

प्रश्न : लालबागच्या एका अनुदानित शाळेत मी जूनपासून मुख्याध्यापक आहे. सहावीतल्या एका मुलाची आई सायन रुग्णालयातून अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र घेऊन आली. मुलगा तोंडी सगळं सांगतो, लिहायला बसवला की अडतो. वर्गशिक्षिका म्हणतात, "पंचावन्न पोरं सांभाळू की एकाला?" संस्थेचे लोक म्हणतात, दुसरी शाळा सुचवा. काय करू?
– एक मुख्याध्यापक

उत्तर : सर, दुसरी शाळा सुचवायचं काम मी स्वतः केलंय. मुख्याध्यापिका झाले त्याच वर्षी. पोळीभाजीचे डबे करणारी बाई होती, मुलगा पाचवीत. 'ह' आणि 'ड' त्याला एकच दिसायचे. मी गोड बोलून तिला पटवलं आणि दाखला लिहिला. त्यावर 'शाळा सोडल्याचे कारण' असा रकाना असतो. मी लिहिलं, 'पालकांच्या विनंतीवरून'. विनंती माझी होती. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तो रकाना अजून डोळ्यांसमोर येतो.

संस्थेला कायदा दाखवा, वाद घालू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या एकवीस प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे. कलम १६ नुसार मान्यताप्राप्त शाळेला भेदभाव न करता प्रवेश द्यावा लागतो आणि अशी मुलं लवकर ओळखून उपायही करावे लागतात. एवढं पुरे.

आता तुमच्या बाई. त्यांचा राग खोटा नाही. पंचावन्न वह्या तपासून बघा एकदा, मग कळेल. त्यांना प्रशिक्षणाचं पत्रक देऊ नका, तास द्या. मी पुढे असंच केलं. आठवड्यातले दोन तास मी त्या वर्गावर जायचे आणि बाई त्या वेळात तशीच अडचण असलेल्या एका मुलीला घेऊन ग्रंथालयात बसायच्या. (हो, ती नंतर आली. तिला मात्र जाऊ दिलं नाही.) पुस्तकातल्या ओळीखाली फूटपट्टी धरायची, खालच्या ओळी झाकायच्या, एकेक ओळ वाचायची. फळ्यावरचं उतरवायला लावायचं नाही, बाईंच्या टिपणाची झेरॉक्स द्यायची. वर्गावर गेल्यामुळे मलाही कळलं की शेवटच्या बाकावरून आमचा फळा कुणालाच नीट दिसत नव्हता!

परीक्षेचं तर पूर्ण तुमच्याकडेच आहे. बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना तासाला २० मिनिटं जादा मिळतात, लेखनिकही मिळतो. ती सवय घटक चाचणीपासून लावा. नाहीतर शिपाई वेळेवर घंटा देतो, बाई पेपर ओढून घेतात आणि प्रमाणपत्र तुमच्या कपाटात पडून राहतं. वर्गशिक्षिकेलाच नव्हे, सहावीला शिकवणाऱ्या प्रत्येकाला ते बोलावून सांगा. चित्रकलेच्या आणि पीटीच्या सरांनासुद्धा. वर्गातल्या मुलांना मात्र नको.

आणि पालकसभेत त्या आईला सगळ्यांत शेवटी थांबवू नका. "तुम्ही जरा थांबा" म्हटलं की व्हरांड्यातल्या सगळ्यांना कळतं कुणाच्या पोराचं काय ते. मधेच कुठेतरी बोलवा, पाटलांच्या नंतर, शिंद्यांच्या आधी.