विसावा वाढदिवस यायच्या आत अर्ज कर

प्रश्न: मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातली. दहावीची परीक्षा संपल्याबरोबर बाबांनी लग्न लावून दिलं. मी १६ वर्षांची, नवरा २७ चा. त्याची रात्रीची जबरदस्ती, मारहाण सोसवेना म्हणून आता वर्ध्याला मामांकडे राहते. वय १९ वर्षं ७ महिने. दोन्हीकडची चार माणसं म्हणतात, स्टॅम्पपेपरवर फारकत लिहून दे, दागिने-आंदण सोड, नाही तर वाळीत टाकू. केस केली तर बाबा जेलात जातील म्हणतात. धाकटी बहीण १५ ची, तिला पाहायला पाहुणे येऊन गेले. काय करू?

उत्तर: बेटा, त्या कागदावर सही करू नकोस. नोटरीचा शिक्का असला तरी तेवढ्याने लग्न मोडत नाही. समाजात फारकतीची जुनी रूढी आहे हे कोर्टात सिद्ध झालं तरच त्याला अर्थ. ‘माझं काही घेणं राहिलं नाही’ या ओळीखालची तुझी सही मात्र ते जपून ठेवतील. वाळीत टाकणं हा २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे त्यांना मामांकरवी ऐकवायला हरकत नाही.

खरी घाई मुदतीची आहे. बालविवाह प्रतिबंध कायदा, २००६ प्रमाणे असं लग्न आपोआप रद्द होत नाही, तुला ते कोर्टाकडून रद्द करून घ्यावं लागतं. अर्ज सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत, म्हणजे वीस पूर्ण व्हायच्या आधी दाखल झाला पाहिजे. हाती पाच महिने आहेत. ते गेले की घटस्फोटच उरतो, आणि नवरा राजी नसेल तर त्यात छळासारखं कारण शाबीत करावं लागतं. आता दोनच तारखा शाबीत करायच्या आहेत: जन्माची आणि लग्नाची. जन्मासाठी शाळेचा दाखला किंवा दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र काढ, आधार कार्डावर विसंबू नकोस. लग्नासाठी पत्रिका. घरून मिळत नसेल तर आत्या-मावशीला विचार. कुणाच्या तरी कपाटात ती सापडते.

तू वर्ध्यात राहतेस, म्हणून अर्ज तिथेच चालतो. लग्न रद्द करताना लग्नात दिलेले दागिने, पैसे, वस्तू परत करण्याचा आदेश कोर्ट देतं. दुसरं लग्न होईपर्यंत पोटगीही मागता येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण वकील फुकट देतं, बायकांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

बाबांबद्दल खोटा धीर देणार नाही. बालविवाह लावणाऱ्या बापाला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण लग्न रद्द करण्याचा अर्ज दिवाणी आहे, त्यात अटक नसते. नवऱ्याच्या जबरदस्तीची तक्रार वेगळी. ११ ऑक्टोबर २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून अठराच्या आतल्या बायकोशी संबंध हा बलात्कार आहे, पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदाही लागतो. तक्रार वर्ध्याच्या ठाण्यातही घ्यावीच लागते. त्या तपासात लग्न कुणी लावलं हेही निघेल, हे धरून चाल. पण घडलं त्यात तुझा काडीचाही दोष नाही, आणि ते सांगायला उशीर झालेला नाही.

बहिणीचं आजच कर. १०९८ या मुलांच्या मदतीच्या नंबरला फोन लाव, नाव गुप्त ठेवा म्हणून सांग. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवकच असतो. त्याला लेखी कळव आणि पोच घे. तारीख ठरली असेल तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी मनाई हुकूम देऊ शकतात. तो मोडून लावलेलं लग्न मुळातच बेकायदा, रद्दबातल. बाबांच्या डोक्यावर दुसरा गुन्हा चढू नये असं वाटतं ना, मग हे लग्न अक्षता पडायच्या आधीच थांबव.